बीआरआय लाइनचा अभ्यास: कमांडचा पहिला शब्द बघा

प्रश्न थोडक्यात असा: सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) करायचं आहे. अप्पा बळवंत चौकातून एक जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं. त्यात आयएसडीएन बीआरआय (डेटाही नेणाऱ्या डिजिटल टेलिफोन लाइनचा छोटा प्रकार) आणि डायल-ऑन-डिमांड (गरज पडली तरच फोन लावणं) यांवर भलंमोठं प्रकरण आहे. डायलर-लिस्ट, डायलर-ग्रुप आणि डायलर मॅप यांची सांगड लागत नाही. स्पिड (एसपीआयडी, वेग नव्हे) नावाचा आकडा कुठून आणायचा ते कळत नाही. जुन्या बाजारातून २५०३ मॉडेलचे दोन राउटर आणले, बीआरआय पोर्ट केबलने एकमेकांना जोडले, पण ‘शो आयएसडीएन स्टेटस’ दिलं की लेयर १ (तारेची पातळी) ‘डीॲक्टिव्हेटेड’ दिसतो. पोर्ट गेलेत का? आणि परीक्षेसाठी यातलं किती वाचू?

पोर्ट बहुधा धडधाकट आहेत. केबल मात्र काढून ठेवा, तिचा काही उपयोग नाही. कारण खाली येईलच.

आधी परीक्षेचं बोलू, कारण वेळ तुमचा जाणार आहे. तुमचं पुस्तक ६४०-८०१ या पेपरसाठीचं दिसतं. २००७ मध्ये त्याच्या जागी ६४०-८०२ आला आणि आयएसडीएन सीसीएनएतून बाहेर पडलं. त्यानंतरच्या २००-१२५ मध्ये त्याची भावंडं होती: पीपीपी (लाइनच्या दोन टोकांच्या राउटरांनी आपसात बोलण्याची पद्धत), मल्टिलिंक पीपीपी (तेच अनेक चॅनल जोडून) आणि पीपीपीओई (तेच इथरनेटवरून). फेब्रुवारी २०२० पासून चालू झालेल्या २००-३०१ मध्ये तीही उरली नाहीत. तेव्हा फक्त मार्क हवे असतील तर या प्रकरणाचे मार्क शून्य आहेत. ते मिटून ठेवा आणि तो वेळ सबनेटिंग, ओएसपीएफ आणि ॲक्सेस-लिस्टला द्या. हे ऐकून वाईट वाटलं असेल, पण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात टीईआयचे (लाइनवरच्या ओळख क्रमांकांचे) आकडे घोकणारी मुलं मी पाहिली आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो.

तरीही वाचायचं असेल, तर वाचण्यासारखं आहे. ऑफिसच्या ईपीएबीएक्सला (अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजला) येणारी पीआरआय लाइन (आयएसडीएनचा मोठा प्रकार) व्हॉइस गेटवेवर तपासताना आजही ‘डीबग आयएसडीएन क्यू९३१’ हीच कमांड हाताशी येते. आणि राउटरवर पीपीपीओई लावताना जो डायलर इंटरफेस बनवतात, तो याच घरातला आहे.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पुस्तकात तीन वेगवेगळे विषय एकाच प्रकरणात शिवलेले आहेत, आणि सगळा गोंधळ त्या शिवणीवर होतो. सुटका सोपी आहे. कमांडचा पहिला शब्द बघा. ‘आयएसडीएन’ने सुरू होणारी कमांड म्हणजे राउटर आणि टेलिफोन एक्स्चेंज यांच्यातला व्यवहार. ‘डायलर’ने सुरू होणारी म्हणजे राउटरचा स्वतःशी चाललेला विचार: फोन लावू का, कुणाला लावू, कधी ठेवू. आणि ‘पीपीपी’ने सुरू होणारी म्हणजे पलीकडच्या राउटरशी बोलणं. एक्स्चेंजला तुमच्या आयपी पत्त्याचं सोयरसुतक नसतं. डायलर-लिस्टला एक्स्चेंज कुठल्या कंपनीचं आहे याच्याशी देणंघेणं नसतं. बिघाड शोधतानाही हाच क्रम: आधी एक्स्चेंज, मग डायलर, शेवटी पीपीपी.

दुसरं एक डोक्यात पक्कं ठेवा. ही लाइन मिनिटामिनिटाला पैसे खाते. आज घरचं ब्रॉडबँड रात्रंदिवस चालू असतं, त्यामुळे ही भावनाच आपल्यातून गेली आहे. पण डायलरची एकूण एक कमांड त्या मीटरकडे डोळा ठेवून बनलेली आहे.

एक्स्चेंजपासून सुरुवात करू. बीआरआय म्हणजे दोन बी चॅनल आणि एक डी चॅनल. बी चॅनल ६४ केबीपीएसचा का? आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटचा, गुणाकार ६४,०००. म्हणजे एक बी चॅनल हा मुळात एका माणसाचा आवाज आहे, आपण त्यात डेटा भरतो. डी चॅनल १६ केबीपीएसचा, त्यावरून मुख्यतः फोन लावण्या-ठेवण्याचे निरोप जातात. बेरीज १४४. पुस्तकात १९२ हा आकडाही दिसेल. त्यातले वरचे ४८ फ्रेमिंग आणि ताळमेळ राखण्यात जातात. परीक्षेत १४४ आणि १९२ दोन्ही पर्याय समोर ठेवून गंमत बघायची जुनी खोड होती.

डी चॅनलवर दोन थर बोलतात. लेयर २ वर क्यू.९२१, लेयर ३ वर क्यू.९३१. पाठ करायची गरजच नाही, मधला अंक वाचा: ९२१ मधला २, ९३१ मधला ३. क्यू.९२१ चं काम एक्स्चेंजशी दुवा उभा करण्याचं. राउटर आधी ओळख क्रमांक मागतो, एक्स्चेंज तो देतं. त्याला टीईआय म्हणतात. ६४ ते १२६ हे आकडे एक्स्चेंज स्वतः वाटतं, ० ते ६३ हाताने ठरवलेले, १२७ सगळ्यांसाठीचा. क्यू.९३१ प्रत्यक्ष फोन लावतं: सेटअप, कॉल प्रोसीडिंग, अलर्टिंग, कनेक्ट. ठेवताना डिस्कनेक्ट, रिलीज, रिलीज कम्प्लीट. आपण फोनवर जे करतो तेच हे, फक्त लेखी.

संदर्भबिंदू, म्हणजे यंत्रांमधल्या जोडांची नावं, हा विद्यार्थ्यांना सगळ्यात कंटाळवाणा वाटणारा भाग. आर, एस, टी, यू. ही इंग्रजी वर्णमालेतली सलग अक्षरं आहेत आणि तुमच्या टेबलापासून एक्स्चेंजकडे याच क्रमाने येतात. आयएसडीएन न समजणारं जुनं यंत्र आणि ॲडॅप्टर यांच्यामध्ये आर. एनटी२ (ऑफिसातली अंतर्गत जोडणी करणारं यंत्र) च्या आधी एस, नंतर टी. छोट्या ऑफिसात एनटी२ नसतोच, म्हणून दोन्ही एकत्र होऊन ‘एस/टी’ होतं. एनटी१ (बाहेरची टेलिफोन लाइन जिथे संपते ती पेटी) च्या पुढे, रस्त्यावरून एक्स्चेंजकडे जाणारी दोन तारांची जोडी म्हणजे यू. एस/टीला चार तारा लागतात. मी वर्गात सांगायचो, एसटी गावाच्या वेशीपर्यंतच येते, पुढे यू-टर्न. विनोद फालतू आहे, पण कुणी विसरायचं नाही.

ही गोष्ट फक्त परीक्षेची नाही, पैशांची आहे. अमेरिकेत एनटी१ ग्राहकाने घ्यायचा असतो, म्हणून तिथल्या राउटरमध्ये तो आतच बसवलेला मिळायचा आणि पोर्टवर ‘यू’ लिहिलेलं असायचं. आपल्याकडे आणि युरोपात एनटी१ ची पेटी टेलिफोन खातं भिंतीवर लावून जायचं, म्हणून राउटरला एस/टी पोर्ट. तुमच्या २५०३ चा पोर्ट एस/टी आहे. कार्ड घ्यायची वेळ आली तर नावाच्या शेवटी काय लिहिलंय ते बघूनच घ्या. आणि चुकूनही एक्स्चेंजकडून आलेली यू जोडी एस/टी पोर्टात किंवा शेजारच्या दुसऱ्या पोर्टात खुपसू नका. खाचा सारख्याच दिसतात, पण त्या तारेवर एक्स्चेंजचा विद्युतदाब असतो.

स्विच-टाइप म्हणजे एक्स्चेंज कोणत्या बोलीत बोलतं ते राउटरला सांगणं. युरोप आणि भारतासाठी ‘बेसिक-नेट३’. अमेरिकेत ‘बेसिक-५ईएसएस’, ‘बेसिक-डीएमएस१००’ आणि ‘बेसिक-एनआय’. स्पिड ही त्या अमेरिकी एक्स्चेंजांची भानगड आहे. डीएमएस-१०० आणि नॅशनल आयएसडीएनला तो लागतो, साधारण टेलिफोन क्रमांकाला मागे चार अंक जोडलेला असतो आणि टेलिफोन कंपनीच देते. तो आपण शोधून काढायचा नसतो. नेट३ वर स्पिड नाहीच. तुमचं पुस्तक अमेरिकेत लिहिलेलं आहे, म्हणून त्यात तो पानापानावर आहे. त्यातलं उदाहरण बघून भारतातल्या लाइनवर स्पिड घालत बसलेले इंजिनिअर मी पाहिले आहेत. सुरुवातीला मीही त्यांतलाच एक होतो.

आता ‘शो आयएसडीएन स्टेटस’. हे वाचता आलं की निम्मं काम झालं. लेयर १ ‘ॲक्टिव्ह’ हवा. लेयर २ पुढे टीईआयचा आकडा आणि ‘मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड’ ही अवस्था हवी. लेयर ३ समोर चालू कॉलची संख्या. यात एक फसगत आहे. नेट३ जातीची बरीच एक्स्चेंजं कॉल नसताना लेयर १ आणि २ झोपवून ठेवतात. पहिला कॉल लागला की जागी होतात. त्यामुळे ‘डीॲक्टिव्हेटेड’ दिसलं की लगेच तक्रार नोंदवायची नसते. आधी एक पिंग (चाचणीचं पॅकेट) मारून लाइन उठते का ते बघायचं.

तुमच्या बाबतीत मात्र ती उठणारच नाही, कारण मध्ये एक्स्चेंज नाही. सीरियल पोर्टात एक बाजू डीसीई करून घड्याळ देता येतं, तशी सोय या पोर्टात नाही. २५०३ ची बीआरआय ही फक्त ग्राहकाची बाजू आहे. ती तारेवर ‘कुणी आहे का?’ असा पहिला इशारा सोडते आणि एनटीकडून उत्तराची वाट बघते. पलीकडचाही ग्राहकच. दोघंही दार वाजवताहेत, उघडायला आत कुणीच नाही. समजा लेयर १ कसाबसा जमला असता, तरी टीईआय वाटणारं कुणी नाही. म्हणून प्रयोगशाळेत आयएसडीएन सिम्युलेटरची पेटी वापरत. ती छोट्या एक्स्चेंजचं सोंग घेते. ती मिळाली तर उत्तम, पण या अभ्यासासाठी त्यावर खास पैसे घालू नका, असं माझं मत.

आता डायलर. खरा रस इथे आहे. साताऱ्याची शाखा पुण्याला फोन लावते असं धरू. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, राउटरवर अर्थात रोमनमध्येच टंकायच्या.

आयएसडीएन स्विच-टाइप बेसिक-नेट३
युजरनेम पुणे पासवर्ड गुपित
इंटरफेस बीआरआय ०
 आयपी ॲड्रेस १०.१.१.२ २५५.२५५.२५५.०
 एनकॅप्सुलेशन पीपीपी
 पीपीपी ऑथेंटिकेशन चॅप
 डायलर मॅप आयपी १०.१.१.१ नेम पुणे ब्रॉडकास्ट ३००१
 डायलर आयडल-टाइमआउट ९०
 डायलर-ग्रुप १
आयपी रूट १९२.१६८.१०.० २५५.२५५.२५५.० १०.१.१.१
डायलर-लिस्ट १ प्रोटोकॉल आयपी परमिट

ही यादी पाठ करू नका. साताऱ्याच्या एखाद्या संगणकावरून निघालेल्या एका पॅकेटच्या मागे मागे चाला.

पॅकेट राउटरपाशी येतं. राउटर आधी रूटिंग टेबल बघतो: १९२.१६८.१०.० कडे जायचं तर १०.१.१.१ मार्गे. तो पत्ता बीआरआय ० च्या जाळ्यात आहे. रूट नसेल तर गोष्ट इथेच संपली, फोन लागणारच नाही. ‘डायलर सगळं बरोबर आहे तरी फोन लागत नाही’ या तक्रारींत रूट राहून गेलेला असणं हे फार वेळा घडतं.

पॅकेट बीआरआयपाशी पोचलं. इथे डायलर-ग्रुप १ उभा आहे. तो म्हणतो, नियम क्रमांक १ बघा. तो नियम म्हणजे डायलर-लिस्ट १. तुम्हाला ॲक्सेस-लिस्ट आणि ॲक्सेस-ग्रुप माहीत असेल तर हे त्याच जोडीचं आहे: लिस्ट म्हणजे नियम लिहिलेला कागद, ग्रुप म्हणजे तो कागद कुठल्या दारावर चिकटवला ते. पॅकेट या नियमात बसलं तर ते ‘इंटरेस्टिंग’, म्हणजे ज्याच्यासाठी पैसे खर्चून फोन लावावा असं.

फोन लावायचा ठरला. कुणाला? डायलर मॅप ही राउटरची टेलिफोन डायरी आहे. पुढचा थांबा १०.१.१.१, त्याचं नाव पुणे, क्रमांक ३००१. इथे एक खाच आहे. रूट लिहिताना १०.१.१.१ ऐवजी नुसतं ‘बीआरआय ०’ लिहिलंत, तर राउटर पॅकेटचा अंतिम पत्ताच डायरीत शोधतो. तो तिथे नसतो, आणि फोन लागत नाही.

मग क्यू.९३१ चा सेटअप निघतो, बी चॅनल मिळतो, पीपीपीची बोलणी होतात, चॅपने ओळख पटते आणि पॅकेट जातं. बहुधा पहिलं एखाद-दुसरं पॅकेट यात बळी पडतं. पिंगला आधी एक-दोन टिंबं (उत्तर नाही) आणि मग उद्गारचिन्हं (उत्तर आलं) दिसली तर ती तब्येतीची खूण समजा.

आता हा प्रश्न जुन्या पेपरांत हमखास असायचा, आणि बरेच अनुभवी लोकही इथे चुकतात. लाइन एकदा लागली की त्यावरून फक्त इंटरेस्टिंग पॅकेट जातात का? नाही. सगळीच जातात. डायलर-लिस्ट म्हणजे फायरवॉल नव्हे. तिचा अधिकार दोनच गोष्टींवर चालतो: फोन लावायचा का, आणि आयडल-टाइमआउटचं घड्याळ परत शून्यावर आणायचं का. इंटरेस्टिंग पॅकेट गेलं की घड्याळ नव्याने सुरू होतं. बिनमहत्त्वाची पॅकेट फुकटात प्रवास करतात, पण घड्याळाला हात लावू शकत नाहीत. वेळ संपली की त्यांच्या अंगावर फोन आदळला जातो. हे घड्याळ तुम्ही काही न सांगितलं तर १२० सेकंदांचं असतं. शिवाय एक ‘फास्ट-आयडल’ असतो, २० सेकंदांचा. लाइन अडलेली असताना दुसऱ्या कुणाला ती हवी असेल तर चालू कॉलला एवढीच सवलत मिळते.

यात आरआयपी (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची जुनी पद्धत) घालून बघा. आरआयपी दर ३० सेकंदांनी आपला तक्ता पाठवतो. डायलर मॅपमध्ये ‘ब्रॉडकास्ट’ शब्द आहे, म्हणजे तो तक्ता या लाइनवर जायला मोकळा. डायलर-लिस्ट सगळ्या आयपीला हो म्हणते, म्हणजे तो इंटरेस्टिंग. घड्याळ वरच्या यादीत ९० सेकंदांचं. ३० सेकंदांनी येणारा पाहुणा ९० सेकंदांचं घड्याळ कधी संपू देईल? कधीच नाही. लाइन महिनाभर चालू. उपाय तीन: बीआरआयवर आरआयपी पॅसिव्ह (तक्ता पाठवणं बंद) करून स्टॅटिक रूट ठेवा, किंवा डायलर-लिस्टला ॲक्सेस-लिस्ट जोडून तिथे यूडीपी ५२० नाकारा, किंवा ओएसपीएफ असेल तर डिमांड-सर्किट वापरा. बीआरआय हा मूळ लीज्ड लाइनचा (कायम चालू असलेल्या भाड्याच्या लाइनचा) राखीव मार्ग असेल, तर जास्त डिस्टन्सचा फ्लोटिंग स्टॅटिक रूट (मूळ मार्ग पडला तरच वापरात येणारा) हा सगळ्यांत साधा आणि शांत उपाय.

माझी स्वतःची फजिती आरआयपीने झाली नाही, म्हणून ती सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्याच्या शाखेत मी अशी लाइन बसवली. पॅसिव्ह-इंटरफेस, स्टॅटिक रूट, सगळं चोख. महिन्याचं बिल आलं तेव्हा लेखा विभागातल्या बाईंनी ते काही न बोलता माझ्या टेबलावर आणून ठेवलं. कॉल छोटे होते, पण रात्रभर, सुटीच्या दिवशीसुद्धा, ठरावीक अंतराने. दोन दिवस मी एक्स्चेंजवर संशय घेतला. मग ‘शो डायलर’ नीट वाचलं. त्यात ‘डायल रीझन’ अशी ओळ असते, कुणाच्या पत्त्यावरून कुणाकडे निघालेल्या पॅकेटमुळे फोन लागला ते सांगणारी. स्रोत शाखेतले संगणक, गंतव्य मुख्य कार्यालयाचा डीएनएस सर्व्हर. लोक संगणक चालू ठेवून घरी जायचे, आणि ते बिचारे रात्रभर कुठली तरी नावं विचारत बसायचे. प्रत्येक चौकशीला एक फोन, आणि प्रत्येक फोनमागे दोन मिनिटं लाइन नुसती उघडी. डीएनएस आणि विंडोजच्या नाव शोधण्याच्या चौकशा ‘बिनमहत्त्वाच्या’ ठरवल्या. कुणी खरं काम काढलं की लाइन लागायचीच, तेव्हा चौकशाही त्यातून जायच्या. एक अडचण उरली: सकाळी पहिल्या माणसाने सर्व्हर नावाने उघडायचा प्रयत्न केला की लाइनच लागेना, कारण ती चौकशी आता फोन लावू शकत नव्हती! शेवटी त्या एका सर्व्हरचं नाव आणि पत्ता शाखेच्या संगणकांवर होस्ट्स फाइलमध्ये लिहून टाकला.

यातून तुमच्या अभ्यासासाठी एक सवय घ्या. डायलर-लिस्टमध्ये नुसतं ‘आयपी परमिट’ हे पुस्तकातलं उदाहरण आहे. प्रत्यक्षात काय फोन लावू शकतं याची यादी हाताने लिहावी लागते.

बीआरआय इंटरफेसची अवस्था बघताना ‘लाइन प्रोटोकॉल अप (स्पूफिंग)’ दिसेल. याचा अर्थ कॉल चालू आहे असा नाही. इंटरफेस खोटंच ‘मी जागा आहे’ म्हणतो. कारण गमतीशीर आहे: तो खरं बोलला आणि ‘डाउन’ म्हणाला, तर त्यावरून जाणारा स्टॅटिक रूट टेबलातून उडेल. रूट उडाला की पॅकेट बीआरआयकडे येणार नाही, आणि फोन कधीच लागणार नाही. म्हणून हे खोटं बोलणं गरजेचं आहे. प्रत्यक्ष बी चॅनल बघायचा तर ‘शो इंटरफेसेस बीआरआय ० १’ असं त्याचं नाव घेऊन विचारा.

पीपीपीबद्दल थोडक्यात. चॅपमध्ये चुका दोनच होतात. ‘युजरनेम’ पुढे स्वतःचं नव्हे, समोरच्या राउटरचं होस्टनेम लिहायचं, जसंच्या तसं, लहान-मोठ्या अक्षरांसकट. आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच. फोन लागतो, काही सेकंदांत तुटतो, पुन्हा लागतो, असं दिसलं की एक्स्चेंजला शिव्या देण्याआधी ‘डीबग पीपीपी ऑथेंटिकेशन’ लावा. दोन्ही बाजूंनी एकमेकांना क्रमांक देऊन ठेवले तर दोघं एकाच वेळी फोन लावून बसतात, म्हणून फोन लावायचं काम एकाच बाजूकडे द्यावं.

दुसरा बी चॅनल जोडायला ‘पीपीपी मल्टिलिंक’ आणि ‘डायलर लोड-थ्रेशोल्ड’. आकडा १ ते २५५ मध्ये, टक्क्यांत नाही. १२८ म्हणजे साधारण निम्मा भार. १ दिलं तर दुसरा चॅनल जवळजवळ लगेच उठतो, आणि बिलही त्याच वेगाने.

डायलर प्रोफाइल ही पुढची पायरी. वरच्या पद्धतीत सगळी सेटिंग थेट बीआरआयवर असतात. प्रोफाइलमध्ये पत्ता, क्रमांक, समोरच्याचं नाव हे सगळं ‘इंटरफेस डायलर’ या काल्पनिक पोर्टावर जातं आणि खऱ्या बीआरआयवर फक्त ‘डायलर पूल-मेंबर’ उरतं. चार शाखांना चार वेगळे नियम लावायचे असतील तर हेच सोयीचं. डायलर मॅपऐवजी इथे ‘डायलर स्ट्रिंग’ येतं. तुम्हाला यातलं एकच नीट शिकायचं असेल तर प्रोफाइल शिका, कारण तेच जगलं.

पीआरआयचं एवढंच: आपल्याकडे ई१ वर ३० बी आणि एक डी, अमेरिकेत टी१ वर २३ बी आणि एक डी. इथे डी चॅनलही ६४ केबीपीएसचा. ई१ वर तो टाइमस्लॉट १६ मध्ये असतो, पण राउटर शून्यापासून मोजतो, म्हणून इंटरफेसचं नाव ‘सीरियल ०:१५’. टी१ ला ‘०:२३’. या एका आकड्याच्या फरकावर बऱ्याच जणांचे मार्क गेले आहेत.

आता तुमच्याकडे जे आहे त्यात सराव कसा करायचा. दोन्ही २५०३ चे सीरियल पोर्ट डीटीई-डीसीई केबलने जोडा, डीसीई बाजूला क्लॉक रेट ६४००० द्या. पीपीपी आणि चॅप यावर पूर्ण करता येतं. मुद्दाम पासवर्ड चुकवा, मुद्दाम युजरनेम चुकवा, आणि डीबग काय म्हणतं ते वहीत उतरवून ठेवा.

डायलरसाठी पॅकेट ट्रेसरच्या (सिस्कोच्या सरावाच्या सॉफ्टवेअरच्या) नादी लागू नका, त्यात बीआरआय नाही. जीएनएस३ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही ती मिळणार नाही. पण जीएनएस३ मध्ये एका राउटरला पीपीपीओई सर्व्हर आणि दुसऱ्याला क्लायंट करा. क्लायंटवर ‘इंटरफेस डायलर १’, त्यात ‘डायलर पूल १’, आणि इथरनेट पोर्टावर ‘पीपीपीओई-क्लायंट डायल-पूल-नंबर १’. प्रोफाइलची रचना हातात बसेल. एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १४९२ करायला विसरू नका, पीपीपीओईचे ८ बाइट १५०० मधून जातात. एक फरक लक्षात असू द्या: इथे फोन ठेवायची घाई कुणालाच नसते, त्यामुळे आयडल-टाइमआउटचा खेळ अनुभवाला येत नाही.

तो अनुभवायचा असेल तर एक जुना मार्ग आहे. तुमच्या ओळखीत कुठल्या ऑफिसात ईपीएबीएक्स असेल तर त्याची दोन एक्स्टेन्शन मागून घ्या. दोन जुने बाहेरचे मोडेम राउटरांच्या ऑक्स पोर्टांना लावा आणि एका एक्स्टेन्शनवरून दुसऱ्यावर डायल करा. ‘आयएसडीएन’ने सुरू होणाऱ्या कमांड यात येणार नाहीत, त्यांची जागा मोडेमच्या चॅट-स्क्रिप्ट घेतील. पण डायलर-लिस्ट, डायलर-ग्रुप, डायलर मॅप आणि ते घड्याळ अगदी तसंच चालतं. मोडेमला लाइन जोडायला अर्धं मिनिट लागतं, तेवढा वेळ पिंगची टिंबं बघत बसावं लागेल. ‘शो डायलर’मध्ये ‘टाइम अन्टिल डिस्कनेक्ट’चा आकडा उतरताना दिसतो. मुद्दाम एक इंटरेस्टिंग पॅकेट सोडा, आकडा परत वर जातो का बघा, आणि मग नाकारलेल्या जातीचं एक पॅकेट सोडून तो उतरतच राहतो का तेही बघा.